थंड इंजिनाची एकच संधी



जुनी पिकअप पहाटे सुरू झाली नाही की पहिला संशय चोकवर जातो. लगेच स्क्रूड्रायव्हर बाहेर निघतो, काळ्या झाकणाचे तीन स्क्रू ढिले होतात आणि झाकण अंदाजाने इकडेतिकडे फिरवले जाते. अमेरिकेतील १९७०च्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० पिकअपवर, तिच्या मोटरक्राफ्ट २१५० कार्बोरेटरवर, या घाईने जेवढा अन्याय झाला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झाला असेल. चोक सेट करणे अवघड नाही. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो कोणी देत नाही.

गरम इंजिनाला पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा पुरते. थंडीत पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. बरेचसे पेट्रोल मॅनिफोल्डच्या गार भिंतींवर चिकटून राहते. म्हणून ते जास्त सोडावे लागते. चोकची पट्टी वरून हवेची वाट अडवते, खालची ओढ वाढते आणि पेट्रोल जोरात खेचले जाते.

पद्मिनीत किंवा चेतकवर चोक चालकाच्या हातात असे. इंजिनाचा आवाज ऐकून तो कधी बंद करायचा ते चालकच ठरवी. एफ-१००मध्ये हा निर्णय त्या काळ्या झाकणातल्या, दोन धातूंच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगकडे आहे; झाकण फिरवले की तिचा ताण बदलतो. गारठ्यात ती पट्टी मिटवते आणि ऊब मिळाली की सैल होते. ही ऊब एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून बारीक नळीने येते. पुढे फोर्डने विजेचीही जोड दिली, तीही विचारपूर्वक: तार अल्टरनेटरच्या स्टेटर टर्मिनलवरून घेतली. तिथे साधारण ७ व्होल्ट मिळतात आणि तेही इंजिन फिरू लागल्यावरच. नंतर कोणी १२ व्होल्टचा पूर्ण इलेक्ट्रिक चोक बसवतो आणि त्याची तार इग्निशन कॉइलवर जोडतो. कॉइलकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये रेझिस्टन्स असल्याने चोकला पुरेसा दाब मिळत नाही आणि ठिणगीही दुबळी होते. चावीवर चालणाऱ्या वेगळ्या, फ्यूज असलेल्या तारेचा मार्ग खुला आहे; मात्र तिथेही नुसती चावी चालू ठेवून बसले तर इंजिन थंडच आणि चोक उघडलेला, अशी अवस्था होते.

कामाची सुरुवात झाकणापासून करायचीच नाही. एअर फिल्टर काढून आधी पट्टीचा दांडा बोटाने हलवून पाहावा. त्यावर जमलेला चिकट थर कित्येकदा सगळ्या तक्रारीचे मूळ असतो. मग ऍक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा. तो दाबल्याशिवाय फास्ट आयडलचा, म्हणजे थंड इंजिनाच्या वाढीव वेगाचा, कॅम मोकळा होत नाही आणि पट्टीही मिटत नाही. साधारण २० अंश सेल्सियसला ती हलकेच टेकली पाहिजे. घट्ट आवळलेली पट्टी म्हणजे स्प्रिंगला नको तितका ताण. झाकणावरची खूण त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या रेषेशी आधी जुळवावी. फेरफार करायचाच तर एका रेषेचा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते व्हॅक्यूमच्या डायफ्रामकडे. इंजिन पेटताक्षणी या डायफ्रामने पट्टी जराशी उघडायची असते. ती फट किती हवी हे ठरलेले असते आणि ती मोजायला योग्य जाडीच्या ड्रिल बिटचा दांडा पुरतो. डायफ्राम फाटला असेल, तर गाडी सुरू होते, काळा धूर सोडते आणि बंद पडते. पेट्रोल जास्त होतेय हे निदान बरोबर असते, पण उपाय म्हणून झाकण फिरवून स्प्रिंग सैल केली जाते. धूर कमी होतो. पुढच्या थंडीत पट्टी मिटतच नाही आणि गाडी सुरूच होत नाही. एका बिघाडावर अशी दुसऱ्याची भर पडते.

फास्ट आयडलचा वेग बहुतेक वेळा इंजिन गरम झाल्यावर, कॅमच्या ठरलेल्या पायरीवर लावायचा असतो. झाकणाची परीक्षा मात्र थंड इंजिनावरच होते. एकदा सुरू करून पाहिले की त्या दिवसाची संधी संपली. इंजिन पूर्ण निवायला रात्र जावी लागते. संध्याकाळी गाडी परत द्यायच्या बोलीवर हे काम घेणारे गॅरेज ग्राहकाला अंदाजच विकत असते. तेव्हा गाडी रात्रभर ठेवून घ्यावी, तसे ग्राहकाला आधीच सांगावे आणि थांबण्याचे पैसेही मोकळेपणाने लावावेत.

१ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आज धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना चोक हाताळायला मिळणे दुर्मीळ आहे. म्हणून एक आग्रह: दुरुस्त केलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचे कार्ड मराठीत ठेवावे. त्यावर सकाळचे तापमान, झाकणाची रेषा, डायफ्रामची फट आणि फास्ट आयडलचा वेग लिहावा. आणखी एक नोंद हवी: ऍक्सिलरेटर तळाला टेकवल्यावर पट्टी सक्तीने उघडते का? इंजिनात पेट्रोल जास्त झाले तर बाहेर पडायची तीच वाट आहे, आणि ती तपासायला अर्धे मिनिटही लागत नाही.