एकोणपन्नासाच्या पुढची पानं



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचं कौतुक करावं असा रिवाज आहे. मालवणात ते काम फारच सोपं. बंदरावर गेलात की समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसेल, १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. तारकर्ली-देवबागचं वर्णन तर हॉटेलांच्या पाट्यांनी माझ्यापेक्षा चांगलं करून ठेवलंय. तेव्हा ते पाट्यांवरच सोपवते आणि पाटीवर न लिहिलेला एक आकडा सांगते. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका निघाल्या. भाषणांत हा आकडा अभिमानाने सांगतात. कोकणात मुलीचं स्वागत होतं वगैरे. खरं कारण साधं आहे. पुरुष मुंबईला गेले आणि बायका मागे राहिल्या. राहिल्या त्या म्हाताऱ्या झाल्या, आणि नवऱ्यांच्या मागेही जगल्या.

हा मान मला का दिलात, असं मी संयोजकांना विचारलं होतं. "सिस्टर, तुम्ही सगळ्यांना ओळखता," असं उत्तर मिळालं. ओळखते खरी. १९८४ ते २०१५ एवढी वर्षं मी या तालुक्यात उपकेंद्राची नर्स होते. या सभागृहात बसलेल्या निदान चार जणींची नाळ मी कापली आहे. नावं सांगत नाही, वय कळेल. पण आज मला ओळखीबद्दल बोलायचं नाही. मी कुणाला ओळखत नव्हते, त्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्याकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असायचं. लांबलचक, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपऱ्याला उंदराने खाल्लेलं. त्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईची नोंद. मुलं किती, पाळणा लांबवायला काय वापरते, ऑपरेशन झालं का. १९९६ पर्यंत तर ऑपरेशनांचं टार्गेटच असायचं. मार्च जवळ आला की आम्ही केस शोधत वाड्या पालथ्या घालायचो. आणि बाईला एकोणपन्नास पूर्ण झाली की मी लाल पेनाने तिच्या नावावर रेघ मारायची. पट्टी लावून, सरळ. माझं रजिस्टर तालुक्यात सगळ्यात नेटकं म्हणून साहेबांनी बैठकीत उचलून दाखवलं होतं. त्या नेटकेपणाचा मला फार अभिमान होता.

एकट्या माझ्या रजिस्टराची ही गोष्ट नाही. देशात एवढं मोठं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, त्यातही मुलाखतीला बायका घेतल्या जातात त्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्याच. आपल्या देशात बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते. पुढे पंचवीस-तीस वर्षं ती जगते. म्हणजे मूल होण्याचं बंद झालं की मोजणीतूनही आपण बंद.

दांडीच्या बाजूला एक काकी राहायची. नाव सांगत नाही. पहाटे रापणीवर जायची, लिलावात तारली-बांगडा घ्यायची, टोपली डोक्यावर आणि पायी बाजार. तिच्या चारातली दोन बाळंतपणं मी केली. तिच्या नावावर रेघ मारली त्या आठवड्यात ती मला बाजारात म्हणाली, "माझा नाव काढलंस मां?" मी हसले. तीही हसली. पुढे अकरा वर्षं दर बुधवारी मी तिच्याकडून मासे घेतले. ती उकिडवी न बसता एका फळकुटावर, एक पाय लांब टाकून बसायची, ते मी दर वेळी बघत होते. ढोपरं दुखत असतील असं मनाशीच ठरवून टाकलं होतं.

एका पावसाळ्यात ती उपकेंद्रात आली. बाकीच्या बायका जाईपर्यंत दाराशी थांबून राहिली. मग म्हणाली, "अंग भायर येता." किती दिवस? अकरा वर्षं. आत जुन्या लुगड्याच्या कापडाचा बोळा घालून, वरून लंगोटासारखी पट्टी बांधून ती डोक्यावर टोपली घेत होती. कापड रात्री विहिरीवर धुवायची आणि माळ्यावर वाळत घालायची, सुनेला दिसू नये म्हणून. जखम झाली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "तू फक्त पोरांचा इचारतस," असं म्हणाली. तिचं म्हणणं तक्रारीचं नव्हतंच. पोस्टात पत्रं मिळतात, रेशनवर तांदूळ, तसं नर्सबाईकडे पोरांचं, एवढंच.

तिचं ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी ती पुन्हा बाजारात बसली, टोपली मात्र रिक्षातून यायला लागली. आता इथल्या डॉक्टर सांगतीलच, पण मीही सांगून ठेवते. सुरुवातीलाच आलात तर ऑपरेशनशिवायही भागतं. रिंग बसवता येते. लघवी मध्येच अडवून धरताना जे स्नायू आवळतो, ते नुसतं बसल्या जागी आवळायचे-सोडायचे, असा व्यायाम आहे. त्याला जागा लागत नाही, साडी बदलावी लागत नाही, माझं भाषण ऐकता ऐकताही करता येईल. खोकलं-शिंकलं की लघवी गळते त्यालाही हाच उपाय. बाजारात बसणाऱ्या बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण जायला जागा नसते. मग जळजळ, मग ताप. याला आपण बाईचा आजार म्हणतो. खरं तर तो शौचालयाचा आजार आहे.

आता थोडं घरातलं. मागच्या दोन रांगांत बसलेल्या बंधूंनी राग मानू नये. आमच्या पिढीतल्या कित्येक जणींचा नवरा म्हणजे मनीऑर्डर, गणपती आणि मे महिना. १९८२ च्या संपानंतर गिरणीतले काही लवकर परतले, बाकीचे साठीला. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी सलग धड चार वर्षं एका छपराखाली काढलेली नसतात. तिने एकटीने तरवा काढला, सासू-सासऱ्यांचं केलं, पोरांचं शिक्षण केलं, भाऊबंदकीत तोंड दिलं. आणि अचानक एक गृहस्थ कायमचे येऊन पडवीत बसतात आणि विचारतात, कोयता इथे का ठेवला? अशा बायका माझ्याकडे डोकं धरून यायच्या. "सिस्टर, हे घराक इल्यापासून माझा डोक्यां दुखता." मी रक्तदाब बघायची, तो वर असायचाच. गोळी सुरू करायची. गोळी बरोबरच होती. पण तिला आणखी कुणाशी बोलायचं असायचं, त्याचा रकाना आमच्याकडे नव्हता. आणि रिकाम्या घराचंही तसंच. आमच्या वाडीत अकरा घरं, त्यातली सहा उघडी. त्या सहांपैकी चारांत एकेकटी बाई. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, माड घरांवर पडले, वीज गेली, मोबाइल मेले, तेव्हा या चौघी एका मांगरात दिवा लावून बसल्या होत्या. गणपतीला मात्र प्रत्येकीकडे पंधरा-वीस माणसं. सगळ्यांना घावणे हवेत, तेही गरम. सिंधुदुर्गात ढोपरांच्या मलमाचा खप भाद्रपदात तपासावा, अशी माझी औषधवाल्यांना सूचना आहे.

सरकारकडे अगदीच काही नाही असं म्हणणार नाही. आता तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करायची असा कार्यक्रम आहे, आशाताई घरोघरी अर्ज भरून घेतात. २०२३ पासून एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालं, त्यामुळे तपासायला जायला पोराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. (पंधराशे रुपये देणाऱ्या योजनेत मात्र बहीण पासष्टीपर्यंतच लाडकी आहे. असो.) अडचण अशी की आशाताई दारात उभी राहते आणि आपण म्हणतो, "माका काय्येक झालेला नाय. ह्या वयात आता काय दाखवतलंय?"

म्हणून दोन गोष्टी सांगते, दोन्ही आपल्याच मुलखातल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये एक अभ्यास सुरू केला. दीड लाख बायका. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निम्म्या बायकांचे स्तन हाताने तपासले आणि गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून डाग पांढरा पडतो का ते पाहिलं. त्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या बाबतीत वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये, हिशेब बाहेर आला. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही, पन्नाशीपुढच्या बायकांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. ज्या वयाला मी रेघ मारत होते, नेमका त्याच वयाला फायदा! दुसरी गोष्ट बार्शीकडची. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजार बायकांचा अभ्यास, निकाल २००९ चा. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदा चाचणी झाली आणि दोष सापडला तिथे उपचार झाले, तर या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे. मुंबईच्या अभ्यासात तर यंत्रांची शोभाही नव्हती. बाईने 'बघा' म्हणणं आणि दुसऱ्या बाईने बघणं, एवढ्यावर बरंच काही झालं.

आणखी एक. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याला उष्णता म्हणू नका. एक डाग असला तरी. पाळी परत येत नसते. याच्या उलट टोकाला जाऊन, अंगावरून जरा जास्त गेलं की पिशवी काढून टाकायचीही घाई नको. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय विधिमंडळात गेला, तो तुम्ही वाचला असेल. डॉक्टरांना विचारा, का काढायची? हा प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावले तर दुसरे डॉक्टर बघा.

कोकणातलं सगळं पथ्याचं, असं म्हणायची हल्ली टूम आहे. दुपारच्या जेवणात उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, काट्यासकट खाता येईल असं तारलीचं तिखलं आणि सोलकढी आहे. पाळी गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, त्यांना नाचणी आणि तारली दोन्ही हव्यात. खारवलेला बांगडा आणि लोणचं मात्र मी ठेवू दिलं नाही, त्यावरून स्वयंपाक समितीशी माझं वाजलं. ज्यांच्या पदराच्या गाठीला मशेरीची डबी आहे त्यांनी ती आत आणावी, काढून घेणार नाही. पण तोंड तपासून घ्या. माझ्या आईची डबी मलाही सोडवता आली नाही, तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला नाही. चुलीच्या धुराबद्दल झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने घरोघरी बायोगॅस नेऊन जे काम केलं, ते कुडाळकर बायका सांगतील. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ज्यांनी ती सफर केली नसेल त्यांनी परिषदेनंतर जरूर करावी. मी गेले तेव्हा खाडीपेक्षा वल्हवणाऱ्या बायांचे दंडच बघत बसले.

आज संध्याकाळी फुगड्या आहेत. स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत. पाऊस आला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि आमच्याकडे पहिलं मनगट मोडतं, मग खुबा. पडताना सावरायचं शिकायला फुगडीइतकं चांगलं मला काही सापडलेलं नाही. ढोपरं फारच कुरकुरत असतील त्यांनी नुसतं भिंतीला हात लावून एका पायावर दहा आकडे मोजावेत.

व्यवस्थेचं तेवढं सांगते आणि बसते. तपासणीच्या खोलीत सगळ्या बायकाच आहेत, दाराला आतून कडी आहे आणि पडदा जमिनीपर्यंत आहे. मी स्वतः खाली वाकून बघितलं. तिथे नवं रजिस्टर ठेवलंय, वयाच्या रकान्याला वरची हद्द नाही. प्रवासात, राहण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत. पाणी प्रत्येक रांगेच्या टोकाला ठेवलंय, ते प्या. शौचालय बाहेर पडल्यावर उजव्या हाताला, त्यातली दोन कमोडची आहेत. रांग लागली तर पुरुषांच्या बाजूचंही आपल्यासाठी उघडं ठेवलंय, बंधूंना तशी कल्पना दिली आहे. कुणाचंही व्याख्यान चालू असलं तरी उठून जा. माझं चालू असताना तिघी गेल्या, ते मी बघितलं, आणि बरं वाटलं.