उबेचा हिशेब : गॅसची शेगडी की विजेची?

१९५७ च्या सुमारास मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या बोटींनी आपल्याकडील पुष्कळ तरुण, आणि त्यांच्या सहधर्मचारिणीही, विलायतेस रवाना होत. त्यांच्या ट्रंकांत लोकरीचे पायमोजे, गरम बंड्या, मेतकुटाचा डबा आणि आईने फडक्यात घट्ट बांधून दिलेली लोणच्याची बरणी या सर्वांची तरतूद यथास्थित झालेली असे. परंतु लंडनमध्ये भाड्याची खोली शोधू लागल्यावर जो प्रश्न पहिल्याच आठवड्यात दारात उभा राही, त्याची तयारी मात्र कोणी करून दिलेली नसे. खोली उबदार ठेवण्यासाठी गॅसची शेगडी बरी की विजेची? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा; पण ज्या देशात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत माणूस शेगडीपुढे बसूनच वाची, जेवी, ओले कपडे वाळवी आणि दुखणेही काढी, त्या देशात तो पैशाचा प्रश्न होता, प्रकृतीचा होता, आणि प्रसंगी जिवाचाही होता. तेथे काढलेल्या चार हिवाळ्यांत मला या बाबतीत जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडची थंडी अंगणातल्या शेकोटीने भागते. चार काटक्या, थोडा पालापाचोळा, भोवती घोंगडी पांघरून बसलेली मंडळी, आणि धुराला वर मोकळे आकाश. जळण जळून गेल्यावर त्याची हवा जाते कोठे, हा विचार आपल्या मनाला कधी शिवतच नाही, कारण ती जाण्यास जागा सर्वत्र असते. बंद दारे, बंद खिडक्या आणि जाड पडदे यांच्या आत विस्तव बाळगण्याची सवय आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना नाही, आणि विलायतेत गेलेल्या आपल्या माणसाच्या हातून ज्या चुका होत त्यांचे मूळ बहुधा या एका गोष्टीत असे.

इंग्रजांचा परंपरागत विस्तव म्हणजे भिंतीतील चुलाण्यात जळणारा दगडी कोळसा. त्याची शोभा मी नाकारीत नाही; परंतु त्याच्या उष्णतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग धुराड्यावाटे निघून जाई आणि जाताना काजळी व गंधकाचे वायू शहराच्या डोक्यावर सोडी. १९५२ सालच्या डिसेंबरात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, काजळीचे ते छत धुके होऊन लंडनमध्ये खाली उतरले. हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे चालू असलेला प्रयोग तहकूब करावा लागला. त्या धुक्यापायी सुमारे चार हजार माणसे दगावली, असा सरकारी हिशेब पुढे निघाला. १९५६ साली पार्लमेंटने शुद्ध हवेचा कायदा केला तो या अनुभवानंतर. आणि त्या कायद्यान्वये ज्या भागांत धुराला मनाई झाली, तेथील रहिवाशांना धूर करणारा कोळसा सोडणे भाग पडले, आणि पुष्कळजण गॅसकडे वा विजेकडे वळले. यास्तव आपला प्रश्न हा तेथील लक्षावधी कुटुंबांचाही प्रश्न झाला. वीज १९४८ साली आणि गॅस १९४९ साली सरकारच्या मालकीची झाली; तरीही दोहोंची विक्रीदालने तेव्हा एकाच रस्त्यावर समोरासमोर उभी असत आणि प्रत्येक आपापल्या मालाची शिफारस तितक्याच कळकळीने करीत असे.

आता त्या काळच्या या दोन शेगड्या जवळून पाहू. गॅसची शेगडी जुन्या चुलाण्याच्या तोंडाशी बसविलेली असते. खाली ज्योतींची एक रांग, आणि त्यांवर भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या जाळीदार उभ्या पट्ट्या. तोटी फिरवून काडी लावली की ‘भप्प’ असा आवाज होतो, निळ्या ज्योती सळसळू लागतात, आणि पाच-सात मिनिटांत त्या पट्ट्या तळापासून गुलाबी, मग केशरी, मग निखाऱ्यासारख्या लाल होत जातात. थंडीत भिजून आलेल्या माणसाला तो रंग वर चढताना पाहूनच अर्धी ऊब येते. शेगडीपुढे पाण्याने भरलेली बशी ठेवण्याचा तेथे शिरस्ता होता. हवा कोरडी पडू नये हा त्यातील हेतू. विजेच्या शेगडीत मातीच्या दांडीवर निकेल आणि क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची तार गुंडाळलेली असते. १९०६ साली अमेरिकेत मार्श नावाच्या संशोधकाने या मिश्रधातूचे पेटंट घेतले, तेव्हापासून लाल होऊनही न जळणारी तार स्वस्त झाली आणि विजेची शेगडी घरोघर येऊ शकली. दांडीमागे चकचकीत पत्रा असतो, तो उष्णता पुढे फेकतो. आवाज नाही, ज्योत नाही, काडी नाही. ऑक्टोबरात पहिल्यांदा बटण दाबले की उन्हाळाभर तारेवर बसलेली धूळ जळून एक वास येतो, तेवढाच. आणि ही शेगडी उचलून हव्या त्या खोलीत नेता येते.

दोहोंचे मूळ तेव्हा एकच होते, दगडी कोळसा. गॅसच्या कारखान्यात कोळसा बंद भट्टीत भाजून त्यातला वायू काढीत, आणि मागे कोक व डांबर उरे, तेही विकले जाई. वीजकेंद्रात तोच कोळसा जाळून वाफ करीत, आणि त्याच्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा विजेच्या रूपाने तारांत येई. दुसरा भेद साठवणुकीचा. लंडनमधील ओव्हलच्या मैदानालगतच्या लोखंडी टाक्या, १९५२ साली भारताचा हजारे यांचा क्रिकेट-संघ तेथे खेळत असता ज्यांची वर्णने आपल्याकडे रेडिओवर ऐकू आली, त्या गॅसच्याच टाक्या होत्या. रात्री भरून वर चढाव्यात आणि संध्याकाळी शहराची मागणी वाढली की खाली बसाव्यात, असा त्यांचा नित्यक्रम असे. विजेचा असा साठा तेव्हा करता येत नसे. ज्या क्षणी हवी त्याच क्षणी ती निर्माण करावी लागे, आणि म्हणून कडाक्याच्या संध्याकाळी सारे शहर एकदम बटणे दाबू लागले की केंद्रावर ताण पडून दांड्या मंद पडत. १९४७ च्या फेब्रुवारीत तर कोळशाच्या टंचाईमुळे दिवसातले काही तास घरगुती वीज बंद ठेवण्याचा हुकूम सरकारला काढावा लागला होता; माझी घरमालकीण त्या दिवसांविषयी बोलताना अजूनही खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेत असे.

मग खर्चाचे काय? विजेचे माप युनिटात आणि गॅसचे तेव्हा थर्ममध्ये दिलेले असे, त्यामुळे नवखा माणूस गोंधळे. एवढे ध्यानात ठेवावे की एका थर्ममध्ये सुमारे २९ युनिटांइतकी उष्णता असते. मात्र विजेची सारी उष्णता खोलीत येते, तर त्या काळच्या साधारण गॅसच्या शेगडीची निम्मीच खोलीत येते आणि उरलेली धुराड्यातून जाते. समजा, त्या वेळी थर्मचा दर १८ पेन्स होता आणि युनिटाचा दीड पेनी. १८ ला २९ ने भागले आणि निम्मी नासाडी धरून दुप्पट केली, म्हणजे खोलीत पोहोचलेल्या गॅसच्या एका युनिटाला सव्वा पेनी पडते. दोन दांड्यांची विजेची शेगडी तासाला दोन युनिटे खाते. सायंकाळचे सहा तास ती पेटली तर १८ पेन्स होतील, आणि तेवढीच ऊब गॅसने घेतली तर १५. रोजचा फरक तीन पेन्सांचा, महिन्याचा साडेसात शिलिंगांचा. विद्यार्थ्याला तो उपेक्षणीय नव्हता. परंतु सकाळी कपडे बदलण्यापुरती अर्धा तास शेगडी लावणाऱ्याला या हिशेबाचे काहीच वाटू नये. तात्पर्य, जेथे दीर्घकाळ बसणे आहे तेथे गॅस किफायतीचा, आणि जेथे क्षणभर ऊब हवी तेथे वीज सोयीची. आपल्या भागातील खरे दर विचारून हे गणित प्रत्येकाने स्वतः मांडावे.

तथापि, श्रोतेहो, येथेच थांबून निर्णय करणे ही मोठी चूक होय. विजेची तार खोलीतल्या हवेस काही मागत नाही. गॅसची ज्योत मात्र आपल्याप्रमाणेच श्वास घेते आणि श्वास टाकते. तिला ताजी हवा आत यावी लागते आणि जळलेली हवा धुराड्यातून वर जावी लागते. या दोहोंपैकी एक वाट अडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निपजतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो, आणि माणूस झोप येते आहे असे समजून निपचित होतो.

माझ्या शेजारच्या खोलीत आपल्याकडचाच एक विद्यार्थी राहत असे. जानेवारीतल्या एका रात्री धुराड्यातून गार झोत येतो म्हणून त्याने शेगडीमागची फट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बुजविली, खिडकीच्या सांध्यांत कागदाच्या पट्ट्या घातल्या, आणि शेगडी तशीच पेटती ठेवून तो अंथरुणात शिरला. सकाळी त्याच्या दाराशी ओकारीचा आवाज ऐकून मी बाहेर आलो, तो चौकटीला धरून उभा होता. डोके फुटते आहे एवढेच त्याला म्हणता येत होते. घरमालकीण आली, तिने एक शब्द न बोलता आधी खिडकी सताड उघडली, त्याला जिन्याच्या मोकळ्या हवेत बसविले, डॉक्टरांना बोलावणे पाठविले, आणि मग गुडघे टेकून ते बोळे एकेक करून बाहेर काढले. तो वाचला तो एवढ्यासाठीच, की त्याच्या खोलीतल्या, नाणे टाकून चालणाऱ्या गॅसच्या मीटरमध्ये टाकलेला शिलिंग मध्यरात्रीनंतर संपला आणि शेगडी आपोआप विझली.

पण ज्या शिलिंगाने त्याला वाचविले, तोच शिलिंग दुसऱ्याचा घात करू शके, हेही सांगितले पाहिजे. नाणे संपले की ज्योत विझे, परंतु तोटी उघडीच राही. मग कोणी न पाहता मीटरमध्ये नवे नाणे टाकले, तर न जळलेला गॅस खोलीत भरू लागे, आणि तेव्हा शहरात पुरविला जाणारा हा गॅस स्वतःच विषारी होता. यास्तव ज्योत विझताच तोटी बंद करणे, निजण्यापूर्वी ती पुन्हा एकदा हाताने चाचपणे, आणि मगच नाणे टाकण्याचा विचार करणे आवश्यक असे.

विजेचे धोके निराळे, आणि ते विशेषतः आपल्या भगिनींनी ऐकावेत. स्कर्टाच्या मानाने साडीचा पदर आणि निऱ्या शेगडीकडे सहज झुकतात; लाल तारेला कापडाचा स्पर्श व्हावयास एक निमिष पुरते. जाळी नसलेली शेगडी विकण्यास मनाई करणारा कायदा पार्लमेंटने १९५२ साली केला. परंतु भाड्याच्या खोल्यांतून त्यापूर्वीच्या उघड्या शेगड्या त्यानंतरही पुष्कळ आढळत. अशी शेगडी मिळाल्यास जाळी मागून घ्यावी, आणि ती मागण्यात भीड धरू नये. दिव्याच्या होल्डरमधून शेगडीची वायर घेऊ नये. जमिनीशी जोडलेल्या तिसऱ्या खुंटीचाच प्लग वापरावा. वायर गालिच्याखालून नेऊ नये. आणि विजेची शेगडी न्हाणीघरात कधीही नेऊ नये, कारण ओल्या अंगाला वीज क्षमा करीत नाही.

आता माझा अभिप्राय. बैठकीच्या खोलीत, जेथे वाहते धुराडे आहे आणि जेथे आपण संध्याकाळचे तास काढणार, तेथे गॅस घ्यावा. निजण्याच्या खोलीत, आणि जेथे धुराडे बुजविलेले आहे वा मुळातच नाही अशा प्रत्येक खोलीत, वीजच घ्यावी, मग महिन्याला थोडे अधिक पडोत. दर विचारण्यापूर्वी हवा विचारावी. तान्हे मूल, वृद्ध माणूस किंवा दम्याचा विकार असलेला कोणी घरात असेल, तर या नियमास अपवाद करूच नये.

त्या घरमालकिणीची एक रीत सांगून संपवितो. दरवर्षी ऑक्टोबरात, पहिल्यांदा शेगडी पेटविल्यावर, ती कागदाची एक सुरळी पेटवून विझवीत असे आणि धुमसणारे टोक शेगडीच्या वरच्या ओठाशी धरीत असे. धुराची बारीक रेघ आत ओढली जाऊ लागली की ती मान हलवून पुढच्या खोलीकडे वळे. रेघ खोलीत मागे फिरली तर त्याच क्षणी तोटी बंद करून धुराडे साफ करणाऱ्यास चिठ्ठी धाडी, आणि तो येऊन जाईपर्यंत भाडेकरूला स्वतःच्या खोलीतली विजेची शेगडी आणून देई. जानेवारीतल्या त्या प्रकारानंतर ती परीक्षा ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेस करू लागली, आणि माझ्या शेजारचा तो विद्यार्थी प्रत्येक वेळी तिच्याशेजारी गुडघे टेकून ती धुराची रेघ कोणीकडे जाते हे पाहत असे. आपण जी खोली घ्याल, तिच्यात पहिल्या संध्याकाळी तेवढे एक करून पाहावे, ही माझी विनंती.