इलाज थांबला, तरी सेवा थांबत नाही

कॅन्सरसाठी देणगी म्हटलं की डोळ्यांपुढं प्रयोगशाळा येते, नवं औषध येतं. पण "आता घरी न्या" असं ज्याच्याबद्दल सांगितलंय, त्या माणसाचं काय?

1986 साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 'शांती अवेदना सदन' सुरू केलं. अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं देशातलं ते पहिलं सदन. पुढं 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीच्या प्रतिष्ठानानं असंच केंद्र उभारलं. औषधाच्या धंद्यातला पैसा इथं वेदना हलकी करण्यावर खर्च होतो. रुग्णाकडून एक रुपयाही घेत नाहीत. मला मोलाची वाटते ती तिथली एक रीत. घरचं माणूस सोबत राहतं. जखम कशी पुसायची, नळीतून कसं भरवायचं, कूस कधी बदलायची, हे शिकूनच गावी परततं.

वेदना शमवणाऱ्या मॉर्फिन या औषधाला भिऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीत ते सुरक्षित आहे, आणि ते मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये कायदाही बदलला. घरात कुणी कण्हत असेल, तर वेदनेवरच्या उपचारांबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.