डासाला ऐकू काय येते?



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, निदान आपल्या वैनगंगेवर तरी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्त आहे. आम्ही मात्र आज डासांवर बोलणार आहोत. संध्याकाळच्या सभेला हा विषय अगदीच परका नाही. आपल्यापैकी काहीजण मधूनमधून टाळ्या वाजवतील, त्या वक्त्यासाठी की डासासाठी, हे आम्ही विचारणार नाही.

प्रश्न असा आहे. भिंतीतल्या विजेच्या खोबणीत बसवायची एक लहानशी डबी बाजारात मिळते. तिच्यातून माणसाला ऐकू न येणारा सूक्ष्म ध्वनी निघतो आणि त्याने डास पळतात, असे विक्रेता सांगतो. आता तर भ्रमणध्वनीवरही तसा नाद फुकट मिळतो. धूर नाही, वास नाही, रसायन नाही. मग ती घ्यावी की नाही?

रसायन नको असे वाटणे यात वेडगळपणा काही नाही. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या उदबत्तीचा धूर डासाबरोबर तान्ह्या मुलाच्याही छातीत जातो. शिवाय रसायनाचा इतिहासही आपल्यासमोर आहे. १९५३ साली भारताने हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली आणि १९५८ मध्ये तिचे रूपांतर निर्मूलनाच्या मोहिमेत केले. घरोघरी डीडीटी फवारली गेली. मोहिमेपूर्वी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा एक लाखाच्या घरात आला. हे यश लहान नव्हते. पण डासांनी डीडीटी पचवली, आपणही सैल झालो, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तेव्हा औषधाखेरीज दुसरा उपाय शोधावा असे कोणी म्हटले, तर त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. मात्र ऐकल्यावर तपासलेही पाहिजे.

डासाला ऐकू येते का? येते, आणि फार चांगले येते. त्याचा कान त्याच्या मिशांत आहे. मिशीच्या बुडाशी असलेल्या या श्रवणेंद्रियाचे वर्णन जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने १८५५ साली केले. पुढे १८७४ मध्ये मेयर यांनी एक नर डास काचेवर चिकटवला आणि त्याच्याजवळ निरनिराळे नादकाटे वाजवले. ठराविक स्वराला मिशीवरचे केस थरथरू लागले. तो स्वर मादीच्या पंखांच्या गुणगुणण्याजवळचा होता!

हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली, तर सेकंदाला सुमारे ४४० कंपने होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाच्या मादीचे पंख साधारण याच पट्टीत वाजतात. नराची पट्टी त्याहून चढी असते. १८७८ साली मॅक्सिम या संशोधकाने अमेरिकेतल्या एका हॉटेलात विजेचे दिवे बसवले. तिथल्या एका गुणगुणणाऱ्या यंत्राभोवती डासांचा थवा जमू लागला. पाहिले तर सगळे नर! यंत्राच्या आवाजाला ते मादी समजत होते.

या हकिगतीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, ध्वनीने डास पळाल्याचे नव्हे, तर जमल्याचे उदाहरण आधी सापडते. दुसरी, जमले ते नर. आणि नर चावत नाही. चावते ती मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. ती आपल्याला शोधते ते आपल्या श्वासातल्या कर्बवायूवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. डबीने तिच्या कानात काहीही सांगितले, तरी नाक मोकळेच राहते.

आता डबीच्या बाजूने केले जाणारे दावे पाहू. एक म्हणतो, हा वटवाघळाचा आवाज आहे. दुसरा म्हणतो, हा नराचा आवाज आहे आणि फळलेली मादी नराला टाळते. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. डबीचा ध्वनी त्याच्याही वरचा. एडीस डासाची श्रवणशक्ती सुमारे दोन हजार कंपनांपर्यंत जाते, असे २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, आणि तेव्हा ती अपेक्षेपेक्षा जास्त ठरली! ज्याला दोन हजारांपर्यंत ऐकू येते, त्याच्यासमोर वीस हजारांचे गाणे म्हणून काय उपयोग? नराच्या आवाजाची कल्पना ऐकायला सुबक आहे. पण तिचाही निवाडा प्रयोगानेच व्हायला हवा.

तसा तो झालेला आहे. कॉक्रेन या नामांकित संस्थेने २००७ साली उघड्यावर केलेल्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या. माणसाच्या उघड्या अंगावर किती डास बसतात, हे यंत्र चालू आणि बंद ठेवून मोजलेले होते. एकाही चाचणीत यंत्राचा फायदा दिसला नाही. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशी कीटक पळवणारी ध्वनियंत्रे करणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक व्यापाऱ्यांना पुराव्याविना दावे करू नका, असे बजावले होते.

याचा अर्थ ध्वनी सर्वस्वी निरुपयोगी आहे असा नव्हे. मादीचा स्वर वाजवून नरांना सापळ्यात ओढता येते. पाण्यात विशिष्ट ध्वनी सोडून अळीच्या शरीरातल्या हवेच्या नळ्या फोडणारी यंत्रेही निघाली आहेत. २०१९ साली पिंजऱ्यातल्या एडीस डासांजवळ कर्कश आधुनिक संगीत वाजवले, तेव्हा ते कमी चावले. पण पिंजरा निराळा आणि आपले घर निराळे. रात्रभर तसे संगीत लावले, तर डासांआधी शेजारी उठून येतील.

कोणी म्हणेल, गेले शेदोनशे रुपये, तर गेले! तोटा रुपयांचा असता, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. डबीवर विसंबून आई मच्छरदाणी गुंडाळून ठेवते, हा तोटा आहे. आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात हिवतापाचा ॲनोफिलीस वाढतो. गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स वाढतो, आणि त्याने आणलेला हत्तीरोग पूर्व विदर्भाला नवा नाही. तिसरा एडीस आपल्या घरातच राहतो. कूलर, रांजण, टाकी, जुने टायर ही त्याची बिऱ्हाडे. तो दिवसा चावतो, म्हणून नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीने त्याच्यापासून सुटका होत नाही.

मग रसायनाविना काय करता येईल? पुष्कळ. डास अंड्यातून निघून उडू लागायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. कूलर नुसता रिकामा करून भागत नाही. एडीसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने जगतात, तेव्हा आतली बाजू घासून काढावी. मृगाची पहिली सर आली की आपण कूलर बंद करतो आणि तळातले पाणी तसेच विसरतो. घात तिथे होतो. टाकीला घट्ट झाकण आणि संडासाच्या हवा-नळीला जाळी बसवावी. बंद हौदात आणि विहिरीत गप्पी मासे सोडावेत. तलावात मात्र नकोत, कारण तो मासा परदेशी आहे आणि तलावातले देशी मासे ही आपल्या ढीवर बांधवांची रोजी आहे.

सांडपाण्याचा धडा आपल्या महाराष्ट्रातच आहे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, सांडपाणी जमिनीत मुरवले, उघडी गटारे संपवली आणि डासही हटवले. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनी तो कित्ता गिरवला. तिथे कोणी डासाला पळवून लावले नाही. त्याला जन्मायला जागाच ठेवली नाही.

हे काम एकट्याच्या घराने होणारे नाही. आमचा रांजण कोरडा आणि शेजाऱ्याचा कूलर भरलेला असेल, तर डास भिंत मानत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच की मृग लागण्यापूर्वी प्रत्येक आळीने आपला कोरडा दिवस ठरवावा. शाळेतल्या मुलांना एकेक गल्ली वाटून द्यावी. अळी ओळखण्यात ती आपल्यापेक्षा तरबेज होतील. आणि ताप आला, तर डबी, उदबत्ती, काढा यांत दिवस न घालवता रक्त तपासून घ्यावे.