थोडी माती राहू द्या
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. आता कुंपणालगतच्या मातीच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक घालून दुचाकी लावाव्यात, असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येतोय. पार्किंगची अडचण मलाही आहे. तरी त्या पट्टीच्या बाजूने दोन शब्द बोलतो.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपली गच्ची आणि अंगण मिळून हजार चौरस मीटर धरा. तासाला ५० मिमी पाऊस झाला, तर ५०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर! हे सगळं आपण गेटबाहेर सोडतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यात भरती असली की समुद्र पाणी घेत नाही. मग ते उताराला जातं, आणि उताराला आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची वस्ती आहे.

उपाय फार मोठा नाही. पट्टी ४० मीटर लांब, दीड मीटर रुंद आहे. ती अंगणापेक्षा १५ सेंटिमीटर खोल करायची. खाली खडी, वर रेती मिसळलेली माती, त्यात कर्दळ आणि वाळा. कठड्याला खाचा ठेवायच्या, म्हणजे पाणी आत येईल. एका वेळी ९,००० लिटर तिथे थांबेल, हळूहळू मुरेल. जास्तीचं पाइपने गटारात जाईल. अमेरिकेत सिएटल शहराने २००१ साली एका गल्लीत असेच वाफे केले आणि रस्त्यावरून वाहून जाणारं पाणी जवळजवळ थांबलं.

डासांचं काय, असं काहीजण विचारतील. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी दिवस-दोन दिवसांत मुरलं की प्रश्न मिटला. मात्र मे महिन्यात गाळ आणि पालापाचोळा काढावाच लागेल. इमारतीच्या पायापासूनही अंतर हवं. आपली पट्टी कुंपणाकडे आहे, हे बरंच आहे.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तसल्या पावसापुढे हा वाफा पुरणार नाही. पण दर पावसाळ्यातल्या नेहमीच्या सरींना तो नक्की उपयोगी पडेल.

सभेत हात वर करण्याआधी एवढा हिशेब मनात ठेवा, ही विनंती. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.