पुन्हां निवड नको

सत्तेवर येतांना मनुष्य जें वचन देतो तेंच पुढें त्याच्याविरुद्ध साक्षीस उभें राहतें, असा एक प्रसंग मेक्सिको देशाच्या इतिहासांत घडलेला आहे. जनरल पोर्फिरिओ दियास यांनीं इ. स. १८७६ मध्यें बंड करून तेथील सत्ता हस्तगत केली. त्या बंडाचें ब्रीद होतें, ‘अध्यक्षाची पुन्हां निवड नको!’ एकदां खुर्चीवर बसलेल्या मनुष्यास तीच खुर्ची पुन्हां मिळूं लागली म्हणजे तो निवडणूकच आपल्या मुठींत ठेवतो, हें त्या ब्रीदाचें मर्म होतें. पस्तीस वर्षांनंतर, १९११ सालीं, हेंच ब्रीद घेऊन उठलेल्या लोकांनीं दियास यांना देश सोडावयास लावला.

प्रथम प्रथम दियास यांनीं शब्द पाळला. १८८० सालीं मुदत संपतांच ते बाजूस झाले आणि त्यांचे स्नेही जनरल मान्वेल गोन्सालेस अध्यक्ष झाले. परंतु १८८४ सालीं दियास परत आले ते पुन्हां न हलण्यासाठींच. लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास घटनेंत १८७८ सालीं बंदी घातलेली होती. ती १८८७ सालीं एका खेपेपुरती सैल झाली आणि १८९० सालीं साफ काढून टाकण्यांत आली. १९०४ सालीं तर मुदतच चारांऐवजीं सहा वर्षांची झाली. हे सर्व फेरफार कायदेमंडळांत रीतसर मंजूर झाले, आणि ठरल्या वेळीं मतदानहि होत गेलें. कायद्याचें अक्षर जपून कायद्याचा प्राण कसा घ्यावा, याचा हा वस्तुपाठच होय.

दियास यांच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे, व तें न सांगणें अन्यायाचें होईल. त्यांच्या कारकीर्दींत कांहीं शें मैलांची आगगाडी दहा हजार मैलांवर गेली. वाटमारी थांबली. परकी भांडवल आलें, खाणी चालूं लागल्या, सरकारचा जमाखर्च जुळूं लागला. त्यामुळें शहाणीसुरतीं माणसेंहि विचारीत, ‘हे गेले तर दुसरा आहे कोण?’ वडाच्या दाट सावलींत दुसरें झाड वाढत नाहीं हें खरें. पण म्हणून त्या जमिनींत वडावांचून दुसरें कांहीं उगवतच नाहीं, असें कोणी शेतकरी म्हणणार नाहीं. दुसरा कोणी दिसत नव्हता, कारण दिसूं लागलेल्यास एक तर पद देऊन गप्प करीत किंवा तुरुंग दाखवीत. या धोरणास तेथील लोकच ‘भाकरी नाहीं तर सोटा’ असें म्हणत.

अशा राज्यांत लांचलुचपतीचें स्वरूपहि निराळें होतें. कारकुनाच्या हातावर दोन नाणीं ठेवणें ही तिची अगदीं किरकोळ बाजू. जिल्ह्याजिल्ह्यांवर नेमलेला वरिष्ठ अधिकारी पोलीस, सैन्यभरती आणि मतदान हीं तिन्ही आपल्या हातीं ठेवीत असे. त्याच्याविरुद्ध तक्रार न्यावयाची कोणाकडे? १८८३ च्या कायद्यानें पडीत जमिनींची मोजणी खाजगी मंडळ्यांकडे दिली, आणि मोजलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा त्यांना मेहनतान्यादाखल मिळूं लागला. ज्या गांवांनीं पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, पण ज्यांच्यापाशीं कागद नव्हता, त्यांची जमीन ‘पडीत’ ठरण्यास मग वेळ तो किती? उत्तरेकडील चिव्हावा प्रांतांत तेरासास घराण्याच्या अफाट जमिनी होत्या. त्याच घराण्याचा जांवई एन्रीके क्रेएल पेढीचाहि मालक आणि प्रांताचा गव्हर्नरहि झाला. सावकार, जमीनदार आणि सरकार एकाच ओसरीवर बसलेले असले म्हणजे रयतेनें कोणत्या ओसरीवर दाद मागावी?

तरीहि विरोध मेला नव्हता. फ्लोरेस मागोन बंधूंनीं १९०० सालीं ‘पुनरुज्जीवन’ अशा अर्थाच्या नांवाचें पत्र काढलें; त्यांना तुरुंग भोगावे लागले, तेव्हां त्यांनीं शेजारच्या अमेरिकेंतून तें पत्र चालविलें. १९०६ सालीं कानानेआच्या तांब्याच्या खाणींत आणि १९०७ च्या आरंभीं रिओ ब्लांकोच्या कापडगिरणींत मजूर उठले. दोन्ही ठिकाणीं त्यांचें रक्त सांडलें.

१९०८ सालीं दियास यांनीं जेम्स क्रीलमन या अमेरिकन पत्रकारास सांगितलें कीं, ही मुदत संपली कीं आपण निवृत्त होणार, आणि विरोधी पक्ष निघाला तर तें चांगलेंच होईल. बोलणें परदेशासाठीं होतें. परंतु एका मनुष्यानें तें खरें धरलें. त्याचें नांव फ्रान्सिस्को मादेरो.

मादेरो हे कोआविला प्रांतांतील एका धनाढ्य जमीनदार घराण्यांतले. ठेंगणी मूर्ति, सौम्य स्वभाव, आणि अध्यात्माची ओढ. आपल्या श्रोत्यांस कौतुक वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्यांनीं भगवद्गीतेचा अभ्यास केला होता, आणि आपल्या एका पुस्तकावर लेखक म्हणून ‘भीम’ हें नांव घातलें होतें! अध्यक्षांच्या वारसासंबंधीं त्यांनीं जें पुस्तक लिहिलें त्यांत शिवीगाळ नव्हती. व्यक्ति कितीहि थोर असली तरी अनिर्बंध सत्ता राष्ट्राचें पौरुष झिजविते, एवढाच त्याचा मुख्य मुद्दा. पुढें ते गांवोगांव हिंडले, मंडळें स्थापिलीं, आणि ‘खरें मतदान, पुन्हां निवड नाहीं’ ही घोषणा लोकांच्या तोंडीं बसविली.

१९१० च्या जूनमध्यें, निवडणूक तोंडावर आली असतां, त्यांना अटक झाली. उमेदवार बंदींत असतांनाच मतदान उरकलें आणि दियास विजयी ठरले. सप्टेंबरांत स्वातंत्र्यलढ्याच्या शतसांवत्सरिक उत्सवासाठीं राजधानी दिव्यांनीं उजळली. त्याच वेळीं अध्यक्षांना ऐंशीं वर्षें पूर्ण झालीं. ऑक्टोबरांत मादेरो सीमेपलीकडे निसटले, आणि २० नोव्हेंबर हा उठावाचा दिवस त्यांनीं जाहीर केला. उत्तरेंत ओरोस्को व व्हिया, दक्षिणेंत सापाता असे लोक उठले. मे १९११ मध्यें सीमेवरील सिउदाद ह्वारेस पडलें. २५ मे रोजीं दियास यांनीं राजीनामा दिला. १९१५ सालीं पॅरिस शहरीं त्यांचा अंत झाला.

कथा येथें संपती तर ती बाळबोध झाली असती. मादेरो लोकांच्या मतानें अध्यक्ष झाले, परंतु जुनें सैन्य आणि जुने अधिकारी त्यांनीं जागच्या जागीं राहूं दिले. जमिनीचा प्रश्न रेंगाळला म्हणून सापाता त्यांच्याविरुद्ध गेले. अखेर फेब्रुवारी १९१३ मध्यें त्यांच्याच सेनापतीनें, ऊएर्तानें, त्यांना पदच्युत केलें, आणि थोड्याच दिवसांत ते गोळीस बळी पडले. खुर्चीवरचा मनुष्य गेला होता. ज्या यंत्रानें त्याला तेथें धरून ठेवलें होतें तें यंत्र मात्र गेलें नव्हतें.

तरी तें बलिदान वायां गेलें नाहीं. १९१७ च्या घटनेनें पुनर्निवडीस बंदी केली. जनरल ओब्रेगोन यांच्यासाठीं ती पुढें सैल करण्यांत आली. ते १९२८ सालीं निवडूनहि आले, पण पदग्रहणापूर्वींच त्यांचा खून झाला. १९३३ सालीं ती बंदी कायमची पक्की झाली. चापिंगोची जी जमीनदारी एके काळीं अध्यक्ष गोन्सालेस यांची होती, तेथें राष्ट्रीय कृषिविद्यालय आलें. आणि आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनीं त्याच विद्यालयांत अध्यापन केलें व मक्याच्या जातींवर संशोधन केलें. ज्या वाड्यांत रयतेचा घाम मोजला जाई, तेथें रयतेचीं मुलें शेतीचें शास्त्र शिकूं लागलीं, हा पालट लहान नव्हे.

परंतु त्या घोषणेचीं दोन अंगें होतीं, हें विसरून चालणार नाहीं. ‘पुन्हां निवड नाहीं’ हें अंग मेक्सिकोनें कसोशीनें पाळलें. अध्यक्ष दर सहा वर्षांनीं बदलत राहिला. ‘खरें मतदान’ हें दुसरें अंग मात्र फार काळ कागदावर राहिलें. १९२९ सालीं स्थापन झालेला एकच पक्ष, नांव दोनदां बदलून, २००० सालापर्यंत अध्यक्षपद आपल्याकडे ठेवून होता. एका मनुष्याची मिरास मोडली, आणि तिच्या जागीं एका पक्षाची मिरास आली.

विरोधी पक्षाचें खरें काम यावरून ध्यानांत येतें. खुर्चीवरील मनुष्यास उठविणें हा त्या कामाचा आरंभ. तो उठल्यावर मतपेटीची किल्ली कोणापाशीं आहे, जमिनीचे दाखले कोण लिहितो, आणि तक्रार ऐकणारा कोणाच्या ओसरीवर बसतो, हें रोज उठून पाहणें हा त्याचा उरलेला आणि अधिक कंटाळवाणा भाग. दियास यांनाहि १८७६ सालीं पहिला भाग उत्तम साधला होता.