फांदी शेजारची, पाचोळा आपला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या थोर विषयावर बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज कुंपणावरून शेजारी डोकावणाऱ्या फांदीविषयी बोलणार आहे. विषय लहान आहे खरा. पण आपल्या पेठांतून आणि सोसायट्यांतून ज्या कारणांनी घराघरांतले येणेजाणे बंद पडते, त्यांत पाण्याच्या खालोखाल झाडाचाच नंबर लागेल असे मला वाटते. आणि या भांडणात आपल्या बायकांचा एक खास वाटा आहे. झाड लावतो एक, सावली घेतो दुसरा, आणि पाचोळा झाडते तिसरी! ही तिसरी बहुधा आपल्यापैकीच असते. म्हणून हे भांडण कोर्टात जाण्याआधी आपल्या हाती यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण भांडण पेटले की प्रत्येक घरात एक वकील जन्माला येतो. ‘आमच्या हद्दीत आलेली फांदी आम्ही तोडू, आम्हाला कोण विचारणार?’ असे आपण नेहमी ऐकतो. हे बोलणे अगदीच निराधार नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात असा निकाल दिला, की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या जागेवर आल्या असतील, तर त्याच्या जागेत पाऊल न टाकता तेवढ्या फांद्या आपल्याला तोडता येतात. त्या कितीही वर्षे तशा असल्या तरी त्यामुळे झाडाच्या मालकाला हक्क मिळत नाही. आपल्याकडच्या कोर्टांनीही पुढे बहुतांशी हेच तत्त्व मानले.

पण पुण्यात राहणाऱ्या बाईने एवढे ऐकून कोयता हाती घेऊ नये! आपल्या राज्यात १९७५ सालापासून शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे नुसते बुंध्यातून पाडणे नव्हे. जाळणे, कापणे, कोणत्याही तऱ्हेने झाडाला इजा करणे, हे सारे त्यात येते. झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी परवानगी लागते. त्यासाठी महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतात. झाड समूळ काढायचे असेल, तर झाडावर नोटीस लावतात, वर्तमानपत्रात जाहीर करतात आणि लोकांच्या हरकती ऐकतात. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि ५० वर्षे व त्यावरच्या वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही कल्पना त्यात आली. म्हणजे शेजाऱ्याचा हक्क आहे, पण त्या हक्काला महापालिकेच्या दारावरून जावे लागते.

दुसरा प्रश्न फळांचा. फांदी आमच्या अंगणात, मग आंबा कोणाचा? १९१९ साली इंग्लंडात सफरचंदांवरून असाच खटला झाला. एका गृहस्थाने आपल्या जागेवर आलेल्या शेजारच्या फांद्यांची सफरचंदे काढून विकली. कोर्टाने सांगितले, फळ झाडाच्या मालकाचे. जर्मनीत मात्र १९०० सालापासून लागू असलेल्या दिवाणी संहितेत असे आहे, की जे फळ आपण होऊन शेजारी पडले, ते शेजाऱ्याचे. मला हा जर्मन नियम फार आवडला. जिच्या अंगणात सडा पडतो, तिला निदान चार फळे तरी मिळावीत!

आता प्रत्यक्षातली गोष्ट सांगते. आमच्या मागच्या घरी जांभळाचे जुने झाड आहे. त्याची एक मोठी फांदी आमच्या गच्चीवर आलेली होती. उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळे पिकू लागली की आमच्या दोरीवरचे एकही पांढरे लुगडे, एकही शर्ट सुखरूप राहत नसे. जांभळाचा डाग कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. रात्री वटवाघळे येत, सकाळी गच्ची निसरडी होई. पहिला पाऊस पडला की पाने पन्हळीत अडकून पाणी भिंतीत मुरे. वाळवण तर त्या कोपऱ्यात घालणेच आम्ही सोडले होते.

प्रथम बोलणी झाली, मग बोलाचाली, आणि शेवटी अबोला. एका संक्रांतीला दोन्ही घरांतून हळदीकुंकवाचे बोलावणे गेले नाही. फांदीने जे नुकसान केले त्याची किंमत काढता येईल, भगिनींनो. पण वीस वर्षे अडीअडचणीला धावून आलेली शेजारीण जिन्यात दिसली की मान फिरवायची, याची किंमत कशात काढायची? आमच्या घरात वकिलाच्या नोटिशीची भाषा सुरू झाली. त्या घरात ‘सासूबाईंच्या हातचे झाड आहे, पानाला हात लावू देणार नाही’ अशी.

तेव्हा आपल्या मंडळातल्या एक वडीलधाऱ्या बाई मला म्हणाल्या, “तू ते झाड इतकी वर्षे आपल्याच गच्चीवरून पाहते आहेस. एकदा त्यांच्या अंगणात उभी राहून बघ.” त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. वहिनींनी दार उघडले, पाणी दिले, आणि आम्ही तिघी झाडाखाली गेलो.

खालून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या तारांना लागतात म्हणून वेळोवेळी उतरवलेल्या होत्या. त्यामुळे झाडाचा सगळा भार आमच्या बाजूला झुकलेला. वहिनी म्हणाल्या, “वारा सुटला की मलाही झोप येत नाही हो. पण तोडा म्हटले की सगळेच तोडतील, ही भीती.” म्हणजे ज्या फांदीची आम्हाला अडचण, तिचीच त्यांना धास्ती. भांडण दोन घरांत होते, काळजी मात्र एकच होती.

त्याच ओट्यावर बसून आम्ही कागदावर चार कलमे लिहिली. झाडाच्या मालकीणबाई म्हणून अर्ज वहिनींनी करायचा. फांदीचा त्रास लिहून त्यावर आमचीही सही. खर्च निम्मानिम्मा. जांभळांच्या दिवसांत त्या कोपऱ्यात जुनी चादर बांधायची आणि तीवर पडलेली जांभळे दोन्ही घरांनी वाटून घ्यायची. आणि पाचोळा एक आठवडा त्यांच्याकडच्यांनी, एक आठवडा आमच्याकडच्यांनी झाडायचा. हे चौथे कलम ऐकून दोन्ही घरचे पुरुष हसले. पण खरे भांडण तिथेच मिटले, कारण खरा त्रास तिथेच होता.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला. माणूस येऊन पाहून गेला, आणि परवानगी छाटणीची मिळाली, तोडण्याची नव्हे. मोठी फांदी राहिली. तिच्यावरच्या तीन फांद्या उतरवून भार हलका केला. झाड उभे आहे, आणि संक्रांतीचे बोलावणे पुन्हा सुरू झाले आहे.

छाटणीविषयी दोन शब्द सांगते, कारण पुष्कळ झाडे रागाने नव्हे, अडाणी छाटणीने मरतात. एकाच बाजूने झाड बोडके केले की त्याचा तोल जातो आणि पुढच्या वादळात ते दुसऱ्या बाजूला कोसळते. जड फांदी वरून एकदम कापली की सालपट खोडापर्यंत सोलत जाते. म्हणून आधी थोड्या अंतरावर खालून एक काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून दुसरा, आणि फांदी पडल्यावर खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता तिसरा. फळझाडाची छाटणी फळ सरल्यावर करावी. वाळलेली, धोक्याची फांदी मात्र वळवाच्या आधीच उतरवावी. करवत लावण्यापूर्वी घरटी पाहावीत. आणि निघालेला पाचोळा जाळू नये, एका कोपऱ्यात साठवून ओला ठेवावा. काही महिन्यांत कुंड्यांना उत्तम खत होते.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी ताकीद आहे. आंब्याफणसाची लाकडेही कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फार जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याचा संतोष करून मगच तोडावे. राज्याला आरमाराची गरज असतानाही जो विचार झाला, तो आपल्याला गच्चीच्या कोपऱ्यासाठी जड का व्हावा? राजी करणे, खर्चात वाटा उचलणे, आणि समोरच्याचा संतोष पाहणे, या तीन गोष्टींपलीकडे शेजारधर्मात तरी दुसरे काय आहे?

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. दर वर्षी होळीनंतर, वळवाचे वारे सुटण्याआधी, आपल्या आळीतली झाडे आपण चौघीजणींनी एकत्र हिंडून पाहावीत. कोणाची फांदी कोणाला जड होते आहे, ते दोन्ही बाजूंनी बघावे, आणि अर्ज लिहायला मदत करावी. नोटीस जाण्याआधी आपण गेलो, तर पुष्कळ झाडे वाचतील, आणि पुष्कळ घरेही.